जागा भाड्याने देणे आहे : सदाशिव पेठेतला फेरफटका

पुण्याला येणारी पाहुणेमंडळी शनिवारवाडा पाहतात, पर्वती चढतात, सारसबागेतल्या गणपतीला नमस्कार करतात, लक्ष्मी रोडवर दोन साड्या घेतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. सदाशिव पेठ त्यांच्या वाटेवर असते, पण ती मुद्दाम पाहायला कुणी जात नाही. आणि का जावं? तिथं ना किल्ला ना बाग. पण बायांनो, ज्यांच्या नावावर एखादी खोली आहे, किंवा ज्यांच्या घरात ‘एक फ्लॅट घेऊन ठेवावा, भाडं येत राहील’ अशी बोलणी चालली आहेत, त्यांनी ही पेठ एकदा सावकाश पायी हिंडावी. घर भाड्यानं देण्याचे जेवढे प्रकार आहेत, तेवढे सगळे इथं मैलभराच्या परिसरात नांदताना दिसतात.

पेरूगेटापासून सुरुवात करा. भिकारदास मारुती, चिमण्या गणपती, खुन्या मुरलीधर, नागनाथ पार अशी नावं विचारत विचारत जायचं. नावांना हसू नये, पत्ता सांगायला ती फार उपयोगी पडतात. ही पेठ पेशव्यांच्या काळात वसली, सदाशिवरावभाऊंचं नाव तिला मिळालं. कात्रजच्या तलावाचं पाणी नळांतून शहरातल्या हौदांत यायचं ते नानासाहेब पेशव्यांच्या वेळेपासून. अजूनही एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकात बुजवलेला हौद दिसतो, त्यावर कुणीतरी तुळस ठेवलेली असते.

वाडे आता मोजकेच उरले आहेत. पण जो आहे त्याच्या दिंडीतून वाकून आत गेलात की डोळे अंधाराला सरावायला क्षणभर लागतो आणि मग चौक दिसतो. चारी बाजूंनी सोपे, लाकडी खांब, वर कडीपाट, डुगडुगणारा जिना. एका वाड्यात मी दारांवरच्या पाट्या मोजल्या तर अकरा आडनावं निघाली. अकरा बिऱ्हाडं, नळ एक. मालक बहुधा वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला राहतात आणि त्यांचीच पाटी सगळ्यांत जुनी नि पुसट असते.

आमच्या ह्यांच्या आत्याबाई याच पेठेतल्या. १९५८ साली लग्न होऊन त्या भिकारदास मारुतीपाशी एका वाड्यात आल्या. वाड्याची सून म्हणून माहेरी केवढा मान! पण घरात आल्यावर त्यांना कळलं की सात बिऱ्हाडांचं महिन्याचं भाडं मिळून शंभर रुपयेसुद्धा होत नाही. पुढं १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासल्याचं धरणही त्या लोंढ्यापुढे टिकलं नाही, आणि नदीकाठच्या पेठांतून घरंच्या घरं वाहून गेली. आत्याबाईंच्या चौकात ओळखीची तीन कुटुंबं येऊन राहिली. ‘पंधरा दिवसांकरता आले होते गं,’ आत्याबाई सांगतात, ‘त्यातलं एक कुटुंब पंचेचाळीस वर्षं राहिलं. पण माणसं भली. माझं बाळंतपण त्यांनीच केलं.’ पुरानंतर लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि पुणं पेठांच्या बाहेर राहायला शिकलं. पेठेतल्या भाड्याला मात्र त्याचा काही स्पर्श झाला नाही.

याचं कारण कायदा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शहरांत जागेची टंचाई होती, मालक अडवून भाडं मागत. म्हणून भाडं गोठवलं गेलं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं धरलं. युद्धाची अडचण म्हणून केलेली गोष्ट पुढं पन्नास वर्षं मुदतवाढ घेत राहिली. सोनं कुठल्या कुठं गेलं, गवंड्याची मजुरी कुठल्या कुठं गेली, आणि आत्याबाईंच्या दोन खणांच्या खोलीचं भाडं अठरा रुपये ते अठराच. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे गोठवणं आता न्याय्य राहिलेलं नाही असं सांगितलं, तेव्हा कुठं १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात वर्षाला चार टक्के वाढ घेता येते. आता चार टक्के ऐकायला बरं वाटतं. पण मूळ आकडा अठरा असेल तर पंचवीस वर्षांनी तो पन्नाशीच्या आसपास पोचतो, आणि पन्नास रुपयांत गवंडी जिना चढूनसुद्धा वर येत नाही.

उलट दुरुस्तीची जबाबदारी मालकावर. त्यानं ती केली नाही तर भाडेकरूनं नोटीस देऊन स्वतः करावी आणि भाड्यातून कापून घ्यावी, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपेक्षा जास्त नाही. महिना अठराच्या खोलीला ही चौथाई होते वर्षाला चोपन्न रुपये! मालकाला परवडत नाही, भाडेकरूला कापून घेता येत नाही, आणि पावसाळ्यात भिंत दोघांच्याही अंगावर येते. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, त्या याच दारांवर चिकटवलेल्या दिसतात. घरमालक लुच्चा आणि भाडेकरू गरीब, किंवा मालक बिचारा आणि भाडेकरू आडमुठा, अशा दोन्ही तऱ्हेच्या गोष्टी आपण ऐकतो. मला तर या पेठेत हिंडताना दोघंही एकाच गळक्या छपराखाली भांडी लावून बसलेले दिसले.

आत्याबाईंचा वाडा आता नाही. २००९ साली तो पाडून तिथं इमारत झाली. बिऱ्हाडकरूंना त्यांच्या त्यांच्या जागा मिळाल्या, उरलेलं घरच्यांत वाटायचं ठरलं. या वेळची एक गोष्ट मात्र प्रत्येक घरच्या बाईनं ऐकण्यासारखी आहे. आत्याबाईंचे यजमान तोवर वारले होते, मूलबाळ एक मुलगी, ती सासरी. दोघे दीर. एका दुपारी धाकटे दीर कागद घेऊन आले आणि म्हणाले, ‘वहिनी, इथं सही करा. बिल्डरला नावं जितकी कमी तितकं बरं. तुमची सोय आम्ही बघूच.’ आत्याबाईंनी चहा केला, पोहे दिले आणि चष्मा सापडत नाही म्हणून कागद ठेवून घेतला. संध्याकाळी तो ओळखीच्या वकिलीणबाईंना दाखवला. ते हक्कसोडपत्र होतं.

दीर वाईट नव्हते हो. त्यांना खरोखरच वाटत होतं की वहिनींना म्हातारपणी एक खोली दिली की झालं. पण मृत्युपत्र नसेल तर हिंदू माणसाच्या वाट्यात त्याची बायको, मुलं आणि आई हयात असेल तर आई, असे सगळे सारख्या हिश्शाचे वारस असतात, मुलगी लग्न झालेली असली तरी. आणि आलेली मालमत्ता १९५६ च्या कायद्यानं बाईच्या पूर्ण मालकीची असते, तिला फक्त राहण्यापुरती नसते. आत्याबाईंनी सही केली नाही. सहा महिने घरात अबोला होता, एका गणपतीत जावेनं बोलावणं केलं नाही. शेवटी तिसऱ्या हिश्शाचे दोन लहान फ्लॅट त्यांच्या आणि लेकीच्या नावावर झाले. एकात त्या राहतात. दुसऱ्यात सहा मुली राहतात, आणि आज वयाची पंच्याऐंशी ओलांडलेल्या आत्याबाई कुणापुढं हात न पसरता औषधपाणी करतात ते त्या सहा मुलींच्या भाड्यावर.

सदाशिव पेठेचं आजचं खरं रूप या मुलींमुळेच आहे. सोलापूर, लातूर, बीड, परभणी अशा ठिकाणांहून मुलं-मुली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला येतात आणि या गल्ल्यांत राहतात. चहाच्या टपरीवर राज्यघटनेची कलमं ऐकू येतात. अभ्यासिका, घरगुती खानावळी, जुन्या पुस्तकांची दुकानं, सगळं त्यांच्यावर चालतं. आणि भिंतीभिंतीवर पाट्या. ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा.’ ‘शांत मुलांसाठी खोली. गाणी चालणार नाहीत.’ ‘जागा देणे आहे. एजंटांनी जिना चढू नये.’ एका दारावर तर ‘जागा दिली गेली आहे, बेल वाजवून खात्री करू नये’ असंही वाचलं. पुणेरी पाट्यांना लोक नावं ठेवतात, पण घर भाड्यानं देणाऱ्या बाईनं त्यांच्याकडून एक गोष्ट घ्यावी, काय चालेल आणि काय चालणार नाही ते आधी सांगावं, तेही लिहून.

आत्याबाईंची पद्धत मी दोन दिवस तिथं राहून पाहिली. नव्या मुलीला खोली दाखवण्याआधी त्या तिला समोर बसवतात आणि पाणी किती वाजता येतं ते सांगतात. मग गॅस कुणी, कधी वापरायचा. मग दार रात्री किती वाजता लावतात. मग पैसे. ‘पैशाचं शेवटी का?’ मी विचारलं. ‘अगं, पैशाला सगळ्याच हो म्हणतात. पाण्याची वेळ ऐकून जिचं तोंड वाकडं होतं, ती पुढं भांडते.’ आईवडिलांपैकी एकाशी त्या स्वतः फोनवर बोलतात. आधार कार्डाची प्रत घेतात, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नोंदवतात. भाडं बँकेत घेतात, तरीही पावती देतात. कायद्यानंही पावती देणं मालकावर बंधनकारकच आहे. विजेकरता वेगळं सब-मीटर आहे, त्याचं वाचन महिन्याच्या एक तारखेला मुलींपैकीच एकजण करते, दर महिन्याला निराळी. त्यामुळे ‘आजींनी जास्त लावले’ हा विषयच निघत नाही. खोलीत काय काय आहे त्याची यादी आहे, कॉट, गाद्या, पंखे, खुंट्यासुद्धा, आणि येताना व जाताना मुलीसमोर ती वाचून सही होते. भिंतींचे फोटो लेक मोबाइलवर काढून ठेवते. जाताना अनामत रक्कम त्याच दिवशी परत. ‘डिपॉझिट अडवून चार पैसे सुटतात, पण मग ती मुलगी पुढची मुलगी पाठवत नाही,’ हे त्यांचं गणित. गेली कित्येक वर्षं त्यांनी पाटी लावलेली नाही, दलाली दिलेली नाही.

मला त्यांची एक गोष्ट पटली नाही, तीही सांगते. ज्या मुलीची परीक्षा हुकली तिच्याकडून त्या दोन-दोन महिने भाडं मागत नाहीत. मी म्हटलं, ‘आत्याबाई, अशानं सवय लागेल.’ त्या म्हणाल्या, ‘लागली कुणाला तर बघू.’ आता त्यांच्या घरात त्या मालकीण, मी पाहुणी. पण ज्यांना त्या भाड्यातूनच बँकेचा हप्ता भरायचा आहे त्यांनी हे करू नये असंच मला वाटतं. हप्त्याला परीक्षा हुकल्याचं कारण चालत नाही.

आता कराराचं. अकरा महिन्यांचा करार हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. अकराच का? एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्यानं सक्तीची, म्हणून नोंदणी टाळायला अकरा महिन्यांची चाल पडली. ‘भाडेकरू’ न म्हणता ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणायची पद्धतही कायद्याच्या कचाट्यातून सुटायलाच आली. पण मग १९७३ साली अशी दुरुस्ती झाली की १ फेब्रुवारी १९७३ ला जे कोणी लायसन्सवर राहत होते ते भाडेकरूच धरले गेले. त्या एका तारखेनं मालकांच्या मनात जी भीती बसली ती त्यांच्या नातवंडांपर्यंत आली आहे. कितीतरी घरं आजही कुलूप लावून ठेवलेली असतात. विचारलं की ‘नको बाई, शिरला तर निघायचा नाही.’

ही भीती आता जुनी झाली, पण एका अटीवर. १९९९ च्या कायद्याप्रमाणे करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर अटींबद्दल वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, शिवाय मालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. नोंदणी केलेली असेल आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर नेहमीच्या कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोवरच्या काळाचं दुप्पट शुल्क मागता येतं.

आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंनी निवृत्तीच्या पैशातून शहराबाहेर फ्लॅट घेतला आणि एका सभ्य दिसणाऱ्या जोडप्याला दिला. दलालानं ‘नोटरी पुरे, नोंदणीला उगाच खर्च’ म्हणून सांगितलं. अकरा महिने झाले, जोडपं म्हणालं आमचं तर तीन वर्षांचं ठरलं होतं. कागदावरची अट नि त्यांचं तोंड यांचा मेळ घालता घालता बाईंची दोन वर्षं गेली, वजन दहा किलो उतरलं. रागाच्या भरात नळ तोडावा, वीज बंद करावी असं शेजाऱ्यांनी सुचवलं, पण ते त्यांनी केलं नाही हे फार बरं झालं. पाणी-वीज तोडणं कायद्यानं गुन्हा आहे, मग मालकच आरोपी होतो.

आणि जो खर्च वाचवायचा होता तो किती? समजा भाडं पंधरा हजार, अनामत पन्नास हजार, मुदत अकरा महिने. सगळ्या मुदतीचं भाडं आणि अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे चारशे-पाचशेच्या घरात. शहरात नोंदणी फी हजार. दोन हजारांच्या आत सगळं. हल्ली हे घरबसल्या संगणकावर, अंगठ्याचा ठसा देऊनही होतं. दिवाळीच्या फराळाला आपण याहून जास्त खर्च करतो.

फ्लॅट सोसायटीत असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. भाड्यानं दिलेल्या जागेवर सोसायटी बिगरभोगवटा शुल्क लावते, पण १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानं ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. काही सोसायट्या मनाला येईल तो आकडा लावतात आणि बाईमाणूस मालकीण दिसली की जरा जास्तच चढ्या आवाजात बोलतात. आदेश हातात ठेवून शांतपणे वाचून दाखवावा. ‘एकट्या मुलींना जागा द्यायची नाही’ असले ठरावही ऐकू येतात. सहा मुलींच्या चपला ओळीनं लावलेलं आत्याबाईंचं दार मी पाहिलं आहे, त्यामुळे या ठरावांबद्दल माझं मत चांगलं नाही. पुण्यात घरपट्टीचंही बघावं लागतं. स्वतः राहत्या घराला महानगरपालिका चाळीस टक्के सवलत देते, ती भाड्याच्या घराला मिळत नाही. आयकरात मात्र भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी आणि उरलेल्याचे तीस टक्के वजा होतात, पावत्या दाखवा न दाखवा.

‘मग आम्ही एक फ्लॅट घेऊन भाड्यानं द्यावा का?’ हा प्रश्न परत आल्यावर मला तीन मैत्रिणींनी विचारला. पाटीवर आकडे मांडून पाहा. ऐंशी लाखांचा फ्लॅट, भाडं बावीस हजार धरलं तर वर्षाचे दोन लाख चौसष्ट हजार. एक महिना रिकामा जाणारच, बावीस हजार गेले. रंग, गळती, नळ यांकरता आणखी एक महिना बाजूला ठेवा. सोसायटीचे महिना तीन हजार म्हणजे छत्तीस हजार. घरपट्टी अठरा हजार धरा. उरले एक लाख सहासष्ट हजार, म्हणजे दोन टक्क्यांहून किंचित जास्त. बँकेची मुदतठेव याहून जास्त देते आणि तिचा नळ गळत नाही. कर्ज काढून घेतलात तर भाड्यातून हप्ता सुटेल ही आशा सोडा. जागेची किंमत वाढेल म्हणून घ्यायचं असेल तर तसं स्वतःशी स्पष्ट म्हणावं. भाड्यावर जगायचं असेल तर असलेली जागा नीट वापरणं जास्त फायद्याचं. आत्याबाईंचा लहानसा फ्लॅट एका कुटुंबाला दिला असता तर आज येतात त्याच्या निम्मेही पैसे आले नसते. त्यात कष्ट आहेत, रोज आहेत, हेही खरं.

घ्यायचंच ठरलं तर बाईच्या एकटीच्या नावावर घ्या. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात निवासी घर स्त्रियांच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ऐंशी लाखांवर ते ऐंशी हजार होतात. नवऱ्याचं नाव बरोबर लावलंत की ही सवलत जाते, तेव्हा घरात ते आधीच हसतखेळत बोलून घ्यावं.

पेठ पाहायला जायचं तर सकाळी आठच्या आत जा. मेट्रोनं मंडईच्या स्टेशनात उतरलात तर पायी पोचता येतं. त्या वेळी मुली अभ्यासिकेत जागा धरायला निघालेल्या असतात, खानावळीतून फोडणीचा वास येत असतो आणि उरल्यासुरल्या वाड्यांच्या दिंड्या उघड्या असतात. आत डोकवायचं असेल तर आधी हाक मारा. ‘आत या’ म्हणतात बहुतेक. म्हणाले नाहीत, तर दारावरची पाटी वाचायची राहिली असेल, ती वाचा.